मुलांची पोटगी किती? आधी मुलांच्या खर्चाची वही उघडा

ताई, तुमची हकिगत आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचा हिशोब वाचणाऱ्या कुणालाही कळेल. मुलगी दहा वर्षांची, पाचवीत. मुलगा पाच वर्षांचा, सीनियर केजीत. गेल्या दिवाळीपासून तुम्ही दोघांना घेऊन चिंचवडला माहेरी आहात. नोकरी करता, हातात ३०,००० रुपये येतात. नवरा चाकणच्या एका कारखान्यात. पगारपत्रकावर एकूण ९५,०००, हातात ६२,०००. त्यांच्याकडून निरोप आलाय की कोर्ट फार तर हातातल्या पगाराच्या पंचवीस टक्के देतं, म्हणजे साडेपंधरा हजार. त्यातही तुम्ही कमावत्या, म्हणून निम्मेच मिळतील. हे खरं का, आणि नक्की आकडा निघतो कसा, असं तुम्ही विचारलंय.

खरं नाही. मी चोवीस वर्षं पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करते आणि हा पंचवीस टक्क्यांचा निरोप मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलाय की तो कुठून सुरू झाला तेही सांगून टाकते. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात पत्नीच्या पोटगीसाठी नवऱ्याच्या निव्वळ पगाराचा चौथा हिस्सा योग्य मानला. २०१७ साली पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात तोच दाखला पुन्हा दिला गेला आणि तिथली रक्कम २३,००० वरून २०,००० झाली. त्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं, तिकडेही मूल होतं, हे त्या निकालातलं मोठं कारण होतं. ते त्या घराचं गणित होतं. कायद्याच्या कुठल्याही कलमात पंचवीस हा आकडा नाही, आणि मुलांसाठी तर कुठलीच टक्केवारी लिहिलेली नाही.

काही देशांत ती असते. ब्रिटनमध्ये सरकारी यंत्रणा आईबापांपैकी देणाऱ्याच्या आठवड्याच्या ढोबळ उत्पन्नावर एका मुलासाठी १२, दोघांसाठी १६ आणि तीन किंवा जास्त मुलांसाठी १९ टक्के हा मूळ दर लावते. मूल वर्षातल्या किती रात्री त्याच्याकडे झोपतं त्यावरून त्यात सूटही मिळते. अमेरिकेत टेक्सासमध्ये एका मुलाला निव्वळ उत्पन्नाच्या २० टक्के, दोघांना २५. इंटरनेटवर ‘पोटगी कॅल्क्युलेटर’ शोधलात की बहुतेक वेळा असलंच काहीतरी समोर येतं. पुण्याच्या कोर्टात त्याचा उपयोग नाही. तुमचा भाऊ न्यू जर्सीहून जे कोष्टक पाठवतोय, तेही बाजूला ठेवा.

आपल्याकडे न्यायाधीश दोन गोष्टी बघतात: मुलाला महिन्याला खरोखर किती लागतात, आणि आईबापांपैकी कोणाची किती ऐपत आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ यात निर्वाह म्हणजे काय ते सांगितलंय: अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण, औषधपाणी. अविवाहित मुलीच्या बाबतीत लग्नाचा वाजवी खर्चसुद्धा. त्याच कायद्याचं कलम २३ रक्कम ठरवताना काय बघायचं ते सांगतं: दोन्ही बाजूंची स्थिती आणि दर्जा, मागणाऱ्याच्या वाजवी गरजा, त्याची स्वतःची मिळकत, आणि देणाऱ्यावर किती जण अवलंबून आहेत. टक्केवारी तिथेही नाही.

म्हणून माझ्याकडे येणारी प्रत्येक आई किंवा बाप पहिल्या भेटीत पगाराचा कागद पुढे करतो, तेव्हा मी तो बाजूला ठेवते आणि विचारते, मुलांची वही कुठे आहे? वही म्हणजे मुलांच्या नावाने झालेल्या खर्चाची नोंद, गेल्या बारा महिन्यांची, पावत्यांसकट. वकिलीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मी अर्जात ‘शिक्षण व इतर खर्च अंदाजे रु. ५,०००’ अशी एक ओळ लिहून मोकळी व्हायचे. एका प्रकरणात समोरच्या वकिलांनी त्या एका ओळीवर माझ्या अशिलाचा अर्धा तास उलटतपास घेतला. तिला शाळेची फी सांगता आली, बाकी काही सांगता आलं नाही. मुलाला जे मिळायला हवं होतं त्याच्या निम्म्याहून कमी मिळालं. चूक माझी होती, भोगलं त्या मुलाने. त्यानंतर वहीशिवाय मी अर्ज दाखल केलेला नाही.

तुमची वही आपण इथेच मांडू. तुम्ही पाठवलेले वार्षिक आकडे मी बारांनी भागलेत, कारण फी जूनमध्ये एकदम जाते, गणवेश एकदाच लागतो, आणि महिन्याचा अंदाज देताना हे खर्च निसटतात. मुलीचं बघा. शाळेची फी वर्षाला ५४,००० म्हणजे महिना ४,५००. स्कूलबस दहा महिन्यांची १८,०००, म्हणजे महिना १,५००. वह्या, पुस्तकं, गणवेश, बूट मिळून ८००. गणिताचा क्लास १,२००, कथ्थक ६००, कपडे ५००, डॉक्टर ५००. जेवणखाण, दूध, डबा, फळं ३,०००. एकूण १२,६००. मुलाची फी ३,५००, व्हॅन १,२००, वह्या-गणवेश ५००, कपडे ५००, खाणं २,५००. त्याच्या बाळदम्याचं औषध, इनहेलर आणि डॉक्टर १,२००. शाळा सुटल्यापासून तुम्ही कामावरून येईपर्यंतचं पाळणाघर ४,०००. एकूण १३,४००.

पाळणाघर तुम्ही यादीत लिहिलंच नव्हतं, ‘ते माझ्या नोकरीमुळे आहे ना’ म्हणून. असं बऱ्याच आया करतात, आणि मला ते फार लागतं. तुम्ही नोकरी केलीत म्हणून तर तुमचे ३०,००० या हिशोबात येणार आहेत. उत्पन्न धरायचं आणि ते मिळवण्यासाठी मुलाला ज्याच्या हाती सोपवावं लागतं त्याचे पैसे धरायचे नाहीत, हा कुठला न्याय?

आता निवारा. सध्या तुम्ही माहेरी आहात, भाडं नाही. समोरून ‘बिनभाड्याचं राहते’ हा मुद्दा येणारच. पण आईवडिलांनी आसरा दिला म्हणून मुलांच्या वडिलांची निवाऱ्याची जबाबदारी संपत नाही. तुम्ही जवळच दोन खोल्यांचं घर बघताय, भाडं १३,५००, वीज-गॅस-इंटरनेट धरून १५,०००. तीन माणसं, त्यांतली दोन मुलं, म्हणून मुलांचा वाटा दोन तृतीयांश, म्हणजे १०,०००. भाडेकरार झाला नसेल तर निदान त्या भागातल्या घरभाड्याचे दोन-तीन कागद जोडा. नुसत्या बोलण्यावर हा आकडा टिकत नाही.

१२,६००, १३,४०० आणि १०,००० मिळून ३६,०००. दोन मुलांची महिन्याची गरज ही एवढी, आणि यातली प्रत्येक ओळ कागदाने दाखवता यायला हवी.

आता ऐपत. नवऱ्याचं पगारपत्रक उघडा. एकूण ९५,०००. त्यातून भविष्यनिर्वाह निधी ४,८००, व्यवसाय कर २००. आयकर कापला जात असता तर तोही वजा झाला असता. या कागदावर तो शून्य आहे. सक्तीच्या कपाती एवढ्याच, म्हणून हिशोबाचं उत्पन्न ९०,०००. मग हातात ६२,००० का येतात? कंपनीच्या पतसंस्थेचा हप्ता १६,०००, विम्याचा हप्ता ४,०००, आणि भविष्यनिर्वाह निधीत स्वखुशीने जादा भरणा ८,०००. हे २८,००० त्यांनी आपल्या मर्जीने बांधून घेतलेत. जादा भरणा आणि विमा तर त्यांचीच बचत आहे. स्वेच्छेच्या कपाती आणि वैयक्तिक कर्जाचे हप्ते न्यायालय सहसा उत्पन्नातून वजा करत नाही, कारण तसं केलं तर पोटगीचा अर्ज आल्यावर जो तो पतसंस्थेकडे धावेल. असे पाहिलेत मी. नोटीस मिळाल्याच्या पुढच्याच महिन्यात कर्ज उचललेले. पगारपत्रकं मागून घेताना अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांचीही मागा. हप्ता कधी सुरू झाला ते त्यावर दिसतं. एक अपवाद सांगायला हवा: मुलं ज्या घरात राहतात त्याच घराच्या कर्जाचा हप्ता बाप भरत असेल, तर तो विचारात घेतला जातो आणि घेतला जावा. तुमच्याकडे तसं नाही.

तर वडील ९०,०००, आई ३०,०००. तिनास एक. ‘कमावती आहेस तर निम्मं’ या निरोपाचं उत्तर इथे आहे. २००० साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण होतं: दोघेही नोकरदार, दोन मुलं, वडिलांचा पगार आईच्या साधारण दुप्पट. न्यायालयाने मुलांच्या खर्चाची जबाबदारी दोघांवर टाकली, पण पगाराच्या प्रमाणात, दोनास एक. निम्मंनिम्मं तेव्हाच, जेव्हा कमाई बरोबरीची असते. तुमच्या ३६,००० ला तिनास एक लावलं की वडिलांकडे २७,०००, तुमच्याकडे ९,०००. निरोपातले साडेपंधरा हजार आणि हे सत्तावीस हजार यांच्यातली तफावत कशाने पडली ते बघा. त्यांनी हातातला पगार धरला, आपण हिशोबाचा धरला. त्यांनी टक्केवारीपासून सुरुवात केली, आपण मुलांच्या गरजेपासून. हिशोबाच्या उत्पन्नातून २७,००० देऊनही त्यांच्याकडे ६३,००० उरतात, म्हणजे हे मागणं अवास्तव नाही.

एवढी रक्कम पहिल्याच अंतरिम, म्हणजे अंतिम निकालाआधीच्या तात्पुरत्या आदेशात मिळेल, असा शब्द मी देणार नाही. अंतरिम टप्प्यावर पुरावा तपासलेला नसतो, न्यायाधीश हात राखून रक्कम ठरवतात. तुमच्यासारख्या आकड्यांवर वीस ते पंचवीस हजारांच्या मधला आदेश आला, तर तो वाईट समजू नका. कथ्थक आणि क्लास यांवर प्रश्न येतील. सर्वोच्च न्यायालयाने जादा शिकवणी आणि पूरक शिक्षण हिशोबात धरायला सांगितलंय, पण वाजवी मर्यादेत. महिना ६०० चं कथ्थक वाजवी आहे. एकदा एका अशिलाने अर्जात घोडेस्वारीचे ९,००० लिहिले होते. मुलगी दोनदा गेली होती. त्या एका ओळीने बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास गेला. ज्याची पावती नाही आणि जे मूल खरोखर करत नाही, ते वहीत नको.

दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ साली आणखी एक रीत वापरली होती. घरातलं सगळं उत्पन्न एकत्र धरायचं, कमावणाऱ्याला दोन वाटे आणि बाकी प्रत्येकाला एक. आपल्या कोर्टांवर ती बंधनकारक नाही, पण तडजोडीला बसताना दोन्ही घरांत साधारण सारखं राहणीमान राहतंय का, हे ताडून बघायला मला ती बरी वाटते.

आता ज्या कागदावर सगळं उभं राहतं त्याबद्दल. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल दिला. प्रकरण मुळात नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं. तेव्हापासून पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचं आहे: पगार, बँक खाती, ठेवी, शेअर, दागिने, घर, जमीन, गाडी, कर्जं, महिन्याचा खर्च. समोरच्याने जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचं, मुदतवाढ फार तर दोनदा, तरीही टाळाटाळ केली तर त्याचा बचाव काढून टाकण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. खोटी माहिती दिली तर खोट्या शपथपत्राबद्दल कारवाई होऊ शकते. हे तुम्हालाही तितकंच लागू आहे. तुमची मुदत ठेव, आईने दिलेलं सोनं, शनिवारी घेता त्या शिकवण्यांचे पैसे, सगळं लिहा. समोरच्याने तुमची एक लपवलेली ठेव शोधून काढली की पुढे त्यांचं लपवलेलं दाखवायला तुमच्याकडे तोंड उरत नाही.

तुमच्या नवऱ्याचा पगार कागदावर आहे, हे तुमचं नशीब. माझ्या निम्म्या प्रकरणांत तो नसतो, आणि खरी वकिली तिथेच लागते. वाळवा तालुक्यातले एक वडील होते. शपथपत्रात महिना उत्पन्न ८,०००, ‘शेती पावसावर’. आम्ही सातबारा काढला. पीकपाहणीत सलग तीन वर्षं ऊस, सिंचनाचं साधन विहीर. साखर कारखान्याकडून ऊसबिलांचे उतारे मागवले, दूध संस्थेचा दहा दिवसांचा पगार कुठल्या खात्यात जमा होतो ते बघितलं. दोन गाभण म्हशी आणि एक गाय शपथपत्रात नव्हतीच. शेतीच्या प्रकरणात वर्षाचं बिल येतं तेव्हा त्यातून बेणं, खत, तोडणी, सोसायटीचं पीककर्ज वजा होतं, हेही धरावं लागतं. सगळं बिल म्हणजे उत्पन्न नव्हे. रजनेश विरुद्ध नेहा निकालात शेतकऱ्यांसाठी शपथपत्राचा वेगळा नमुना दिलाय, तो याचसाठी. पण उत्पन्न हंगामी आहे म्हणून मूलही हंगामी जेवतं असं होत नाही. त्या प्रकरणात शेवटी तडजोड झाली ती मला अजून आवडते: दर महिन्याला थोडी रक्कम दुधाच्या पगारातून, आणि शाळेची वर्षाची फी कारखान्याचा पहिला हप्ता आला की परस्पर शाळेत. बापाला झेपेल अशा वेळी पैसे मागितले गेले, म्हणून ते आले.

दुकानदार असेल तर जीएसटीची विवरणपत्रं, आयकर विवरणपत्र, चालू खात्याचा उतारा आणि यूपीआयची जमा. कंत्राटदार असेल तर कुणी कर कापून पैसे दिलेत ते त्याच्या कराच्या सव्वीस-ए-एस उताऱ्यात दिसतं. काहीच कागद नसेल तर राहणीमान: गाडी कुठली, फोन कुठला, सहलीचे फोटो. ‘नोकरी सुटली’ हे उत्तर तर ठरलेलंच. धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायकामुलांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं. हाताला खरंच काम नसलेल्या बापाचं उत्पन्न किमान वेतनावरून धरतात. रक्कम लहान येते, पण शून्य येत नाही. नोकरी प्रकरण सुरू झाल्यावर सोडली की आधीच सुटली होती, हे मात्र न्यायाधीश बारकाईने बघतात.

कुठल्या कायद्याखाली जायचं, यावर फार वेळ घालवू नका. जुनं फौजदारी संहितेचं कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे, आणि ते सगळ्या धर्मांच्या मुलांना लागू आहे. मुस्लिम मुलांचा हा हक्क सज्ञान होईपर्यंत टिकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच स्पष्ट केलंय. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम २६, छळ झाला असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम २०. एकापेक्षा जास्त ठिकाणी अर्ज करता येतो, पण प्रत्येक ठिकाणी आधीचा आदेश सांगावा लागतो आणि रकमा एकमेकींत वळत्या होतात. दोनदा मिळत नाहीत. अर्ज तुम्ही जिथे राहता तिथे करता येतो, नवऱ्याच्या भागातल्या कोर्टात खेपा घालायची गरज नाही. आणि फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा: स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे अनेक कमावत्या बायकांना माहीतच नसतं.

घाई मात्र एका गोष्टीची करा, ती अर्जाची. पोटगी अर्ज दाखल झाला त्या तारखेपासून धरतात, हेही २०२० च्या त्याच निकालाने पक्कं केलं. तुम्ही दिवाळीपासून वाट बघताय, ‘मोठी माणसं बोलतायत’ म्हणून. त्या महिन्यांचा खर्च तुमच्या आईवडिलांच्या खिशातून गेला आणि बहुधा तो परत येणार नाही. अर्ज दाखल करून बोलणी चालू ठेवता येतात. कोर्टातल्या समुपदेशकांसमोर ती जास्त नीट होतात. अंतरिम अर्जावर नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निर्णय व्हावा असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात. चार ते सहा महिने धरून चाला, आणि घरभाड्याची उडी तो आदेश येईपर्यंत मारू नका.

आदेश झाल्यावर पैसे आले नाहीत तर वसुलीचा अर्ज थकल्यापासून वर्षाच्या आत करा, कलम १४४ खाली वॉरंटसाठी ती मुदत आहे. ‘पुढच्या महिन्यात एकदम देतो’ यावर विसंबून कितीतरी जणींची मुदत गेलीय. प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही. दिवाणी आदेशाची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज लावला तर पगारावर जप्ती येते. इतर देण्यांसाठी पगाराचा बराच मोठा भाग सुरक्षित असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात फक्त एक तृतीयांश सुरक्षित राहतो. कारखान्यातला पगार असेल तर हा सगळ्यात खात्रीचा मार्ग, आणि बहुतेकदा नुसता अर्ज गेला की पैसे सुरू होतात.

तडजोड झाली, तर कन्सेंट टर्म्स, म्हणजे तडजोडीच्या अटी लिहिताना डोळे उघडे ठेवा. मुलाची पोटगी आज ठरते आणि मूल उद्या वाढतं. दरवर्षी ठरावीक वाढ लिहून घ्या, नाहीतर परिस्थिती बदलली म्हणून कलम १४६ खाली पुन्हा अर्ज करत बसावं लागतं. फी परस्पर शाळेत, महिन्याची रक्कम मुलांच्या खर्चासाठी काढलेल्या वेगळ्या खात्यात, रोख कधीच नाही. मोठं आजारपण, शस्त्रक्रिया, चष्मा, दात असे अचानकचे खर्च तिनास एक प्रमाणात वाटून घ्यायचे, हे एका वाक्यात येतं आणि पुढची भांडणं वाचवतं. वाढदिवसाला आणलेली सायकल पोटगीत धरायची नाही, हेही लिहा. आणि अठरा वर्षांनंतरचं आत्ताच लिहा. कलम १४४ खालचा हक्क सज्ञान झाल्यावर संपतो, शारीरिक वा मानसिक अपंगत्व असेल तर सोडून. मुलीला १९५६ च्या कायद्याखाली, ती अविवाहित असून स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर, पुढेही मागता येतं. मुलाच्या कॉलेजचं मात्र अठरानंतर अवघड होतं. तुमचा पाच वर्षांचा मुलगा बारावीच्या आसपासच अठराचा होईल. ‘पदवी पूर्ण होईपर्यंत किंवा नोकरी लागेपर्यंत’ हे शब्द आजच्या कागदावर हवेत.

एक गोष्ट कुठल्याही दबावाखाली करू नका: ‘घटस्फोट लवकर देतो, मुलांची पोटगी सोड’. तुमची स्वतःची पोटगी सोडायची की नाही ते तुम्ही ठरवा. मुलांचा हक्क मुलांचा आहे, तो सोडून देण्याचा अधिकार आईलाही नाही आणि बापालाही नाही. असं लिहून दिलं तरी मूल पुढे मागू शकतं, हे न्यायालयांनी वारंवार मानलंय. मग लिहून देऊन स्वतःच्याच अर्जात अडचण कशाला आणायची?

आणि भेटीचं. तुम्ही लिहिलंय की पैसे पाठवत नाहीत म्हणून रविवारी मुलांना भेटू देत नाही. ताई, हे थांबवा. पैसे आणि भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे दिले नाहीत म्हणून भेट बंद होत नाही, भेट मिळाली नाही म्हणून पोटगी बंद होत नाही. कोर्टात हे तुमच्याच विरुद्ध जाईल. त्याहून मोठं कारण म्हणजे तुमची मुलगी दहा वर्षांची आहे. तिला सगळं कळतं. आपल्या फीच्या पावतीवरून बाबा रविवारी येणार की नाही ते ठरतं, असं तिला वाटता कामा नये. समुपदेशकाच्या खोलीत एका नऊ वर्षांच्या मुलाने मला विचारलं होतं, ‘मी क्लास सोडला तर बाबा येतील का?’ त्या दिवसापासून मी आईबापांना सांगते की वही मुलांसमोर उघडू नका, आणि मुलांच्या हाती निरोप तर मुळीच देऊ नका.

हे वाचणाऱ्या वडिलांनाही दोन शब्द. ‘पैसे मुलांना कुठे, तिलाच जातात’ ही तक्रार असेल तर फी परस्पर भरा, पावत्या मागा, खात्याचा उतारा मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि मूल तुमच्याकडे असेल, आई कमावती असेल, तर हाच हिशोब उलटाही चालतो. १९५६ च्या कायद्याचं कलम २० मुलाची जबाबदारी आई आणि बाप दोघांवर टाकतं. मी वडिलांच्या बाजूने असे अर्ज चालवलेत आणि आईकडून रक्कम मिळवूनही दिलीय.

तुमच्यासाठी आता कामं एवढीच. दोन्ही मुलांच्या जूनपासूनच्या फीच्या पावत्या, बस आणि व्हॅनवाल्यांकडून सहीची चिठ्ठी, पाळणाघराच्या ताईंकडून महिन्याच्या पैशांची पावती, तुमची सहा महिन्यांची पगारपत्रकं आणि तुमच्या सगळ्या खात्यांचे उतारे एका फाइलीत लावा. इनहेलरच्या चिठ्ठ्या औषधाच्या दुकानातून पुन्हा छापून मिळतात, त्या मुलाच्या नावाने मागून घ्या. हे सगळं घेऊन वकिलांकडे गेलात तर अर्ज आठवड्यात दाखल होतो.